आर्गव्ही ते आर्गपार्स: कमांड लाइन आर्ग्युमेंट्सचा छोटा इतिहास

प्रयोगशाळेत एक चूक दरवर्षी हमखास दिसते. विद्यार्थी पायथॉनच्या स्क्रिप्टला कमांड लाइनवरून 20 देतो आणि तिची दुप्पट छापायला सांगतो. पडद्यावर 40 ऐवजी 2020 उमटते. पायथॉनचे काही चुकलेले नसते. कमांड लाइनवरून आलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या दृष्टीने मजकूर असते. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

1969 साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले. तेव्हा वापरात असलेले टेलिटाइप 33 हे यंत्र सेकंदाला जेमतेम 10 अक्षरे छापत असे. म्हणून आज्ञा आखूड आणि पर्याय एकाक्षरी. युनिक्समध्ये शेल आपण लिहिलेली ओळ शब्दांत तोडते, तारांकनाच्या जागी फाइलींची नावे भरते आणि ती यादी प्रोग्रामच्या हाती देते. सी भाषेत ही यादी आर्गव्ही म्हणून मिळते आणि तिची लांबी आर्गसीमध्ये असते. शब्दांचा अर्थ लावणे हे मात्र प्रोग्रामचे काम.

या मोकळिकीमुळे प्रत्येकाने आपापली रीत काढली. टार आडव्या रेघेशिवाय अक्षरे घेते, डीडीला बरोबरचे चिन्ह लागते. शिवाय एक धोका होता. एखाद्या फाइलीचे नावच आडव्या रेघेने सुरू झाले, तर फाइली पुसणारी आज्ञा त्या नावाला पर्याय समजू शकते. म्हणून पुढे संकेत ठरला: सुट्या दोन रेघांनंतर येणारे काहीही पर्याय नव्हे. असे नियम एका जागी आणणारे गेटऑप्ट हे फंक्शन 1980 च्या सुमारास आले. 1985 साली एटी अँड टीने त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. दोन रेघांचे लांब, वाचता येणारे पर्याय रूढ केले ते ग्नू प्रकल्पाने.

गिदो व्हान रॉसम यांनी 1991 मध्ये ॲमस्टरडॅमहून पायथॉन प्रसिद्ध केली. तिने सीचीच रीत उचलली. सिस मॉड्यूलमधील आर्गव्ही ही मजकुरांची यादी आहे आणि तिच्या शून्याव्या जागी स्क्रिप्टचे नाव असते. पायथॉनच्या गेटऑप्ट मॉड्यूलमध्ये पर्याय वेगळे होत, पण तपासणीचे लूप आपणच लिहायचे. 2003 मध्ये पायथॉन 2.3 बरोबर ग्रेग वॉर्ड यांचे ऑप्टपार्स आले. आता पर्याय फक्त जाहीर करायचे. मदतीचा मजकूर आपोआप तयार होई. पण पर्यायांखेरीजची आर्ग्युमेंट्स आणि उपआज्ञा यांची सोय त्यात नव्हती. ती स्टीव्हन बेथार्ड यांच्या आर्गपार्सने केली. 2010 मध्ये पायथॉन 2.7 पासून ते प्रमाण लायब्ररीत आहे.

तरीही मूळ नियम बदललेला नाही: आत येतो तो मजकूरच. आर्गपार्समध्ये प्रकार इंट सांगितला नाही, तर 2020 आजही येईल. प्रकार बूल सांगून कमांड लाइनवर फॉल्स लिहिले, तरी हाती ट्रू येते, कारण रिकामा नसलेला प्रत्येक मजकूर पायथॉनच्या लेखी ट्रू असतो. तो पर्याय फाइली पुसायच्या की नाही हे ठरवणारा असेल, तर काय होईल याचा विचार करा.

स्वतः करून पाहा: प्रकार इंट ठेवून आर्गपार्सला देवनागरी अंकांत २० द्या. काय होते आणि का, हे वहीत लिहा.