जुना कॉम्प्युटर भंगारात देताय? आधी हार्ड डिस्क काढून घ्या

छत्रपती संभाजीनगर : कन्नड असो, सिल्लोड असो की वैजापूर, तहसीलच्या आसपास चार-दोन सेवा केंद्रं आणि झेरॉक्सची दुकानं हमखास असतात. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, फार्मर आयडी, सगळी कामं तिथेच होतात. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा तर अशा केंद्रांवर गर्दी हटत नव्हती. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, फोटो, सगळं स्कॅन झालं. माणूस पावती घेऊन घरी गेला, स्कॅन मात्र त्या कॉम्प्युटरमध्येच राहिला.

पाच-सात वर्षांनी तो कॉम्प्युटर रडायला लागतो. त्यात मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा आधार बंद केला आणि बरीच जुनी मशिनं विंडोज ११ घेत नाहीत. त्यामुळे सेवा केंद्रं, शाळा, पतसंस्था, दूध संकलन केंद्रं इथली जुनी मशिनं आता बाहेर निघणार आहेत. भंगारवाला किलोवर भाव करतो, डबा उचलतो, विषय संपतो. विषय खरं तर तिथून पुढे सुरू होतो, कारण डब्याच्या आत हार्ड डिस्क असते आणि गावाची कागदपत्रं तिच्यावर असतात.

"डिलीट मारलंय की सगळं"

बहुतेकांचं उत्तर हेच असतं. पण डिलीट केल्याने फाईल पुसली जात नाही. दप्तरातल्या जाडजूड वहीची अनुक्रमणिका फाडून टाकली तर आतली पानं जातात का? तसंच इथे होतं. डिलीट केल्यावर कॉम्प्युटर फक्त "ही जागा आता मोकळी आहे" अशी नोंद करतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच असतो. रिसायकल बिन रिकामी केली तरी तेच. फुकटात मिळणारी रिकव्हरी सॉफ्टवेअर ही पानं शोधून परत लावतात. मेमरी कार्डातून चुकून उडालेले लग्नाचे फोटो स्टुडिओवाले परत आणून देतात ना, तीच ही युक्ती.

"फॉरमॅट मारला" म्हणणाऱ्यांचीही तीच गत आहे. क्विक फॉरमॅटने फक्त नवी कोरी अनुक्रमणिका तयार होते.

अमेरिकेत सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट या दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या आणि फक्त १२ व्यवस्थित पुसलेल्या होत्या. बाकीच्यांवर पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती, हजारो क्रेडिट कार्डांचे नंबर सापडले. गोष्ट जुनी आहे, पण डिलीट तेव्हाही असंच चालायचं आणि आजही तसंच चालतं.

अंगठ्याचा ठसा बदलता येत नाही

पासवर्ड बाहेर गेला तर बदलता येतो. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठ्याचा ठसा या तीन गोष्टी एकत्र बाहेर गेल्या तर काय होतं, ते २०२३ मध्ये कर्नाटक, हरियाणासह काही राज्यांत दिसलं. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून त्यावरून बनावट ठसे बनवायचे आणि आधारवर चालणाऱ्या पेमेंट यंत्रणेतून दुसऱ्याच्या खात्यातले पैसे काढायचे, असे गुन्हे तिथे उघडकीस आले. या व्यवहाराला ओटीपी लागत नाही.

तिथे कागद सरकारी पोर्टलवरून उचलल्याचं तपासात आलं. पण खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र स्कॅन करून ठेवलेल्या दुकानाच्या डिस्कवर वेगळं काय असतं? तेच ठसे, तेच आधार, शेजारच्या फोल्डरमध्ये पासबुक. शिवाय आजकाल प्रिंट काढायला लोक कागद व्हॉट्सॲपवर पाठवतात. ते सगळे त्या मशिनच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षे कोणी तिकडे बघत नाही.

डिस्क फक्त कॉम्प्युटरमध्येच असते असंही नाही. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये साधी हार्ड डिस्कच असते. कृषी सेवा केंद्र, पेट्रोल पंप, ढाबा, ग्रामपंचायत, कुठलाही डीव्हीआर बदलला की जुना कोपऱ्यात पडतो. मोठ्या डिजिटल झेरॉक्स मशिनचंही तसंच. त्यातल्या बऱ्याच मशिनांमध्ये डिस्क असते आणि झेरॉक्स काढलेल्या कागदांच्या प्रती तिच्यावर राहू शकतात. अमेरिकेतल्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या संस्थेने भाड्याची झेरॉक्स मशिनं डिस्क न पुसता परत केली. तीन लाख चव्वेचाळीस हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यावर असू शकते असं निघालं आणि २०१३ मध्ये १२ लाख डॉलरच्या वर रक्कम भरून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडे तर सेकंडहँड झेरॉक्स मशिनचा धंदाच मोठा आहे. मशिन विकण्याआधी मेकॅनिकला "यात डिस्क आहे का?" एवढं विचारायला पैसे लागत नाहीत.

पुसायची कशी

पुसण्याआधी कामाचं सगळं दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ते उघडून बघा. ब्रिटनमधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची डिस्क २०१३ मध्ये चुकून कचऱ्यात गेली. तिच्यावर हजारो बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो उकरू द्या म्हणून तो कोर्टापर्यंत गेला, जानेवारी २०२५ मध्ये तिथेही नकार मिळाला. आपल्याकडे बिटकॉइन नसेल, पण पतसंस्थेची खातेवही किंवा मुलाच्या बारशाचे फोटो गेले तर ते तरी कुठून आणणार?

कॉम्प्युटर चालू असेल आणि तसाच विकायचा असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, मग रिसेट धिस पीसी, मग रिमूव्ह एव्हरीथिंग हा पर्याय आहे. पण एवढ्यावर थांबू नका. पुढे चेंज सेटिंग्जमध्ये जाऊन क्लीन डेटा हे बटण चालू करा. ते बंद असलं तर रिसेट म्हणजे पुन्हा अनुक्रमणिकाच फाडणं.

डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला यूएसबी केबलने जोडली तर फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटसमोरची खूण काढून टाकायची. मग विंडोज त्या भागावर शून्यं लिहीत जातं. एका डिस्कचे सी, डी, ई असे भाग केलेले असतील तर प्रत्येक भाग वेगळा करावा लागेल. ज्याला कमांडचं काम जमतं त्याने डिस्कपार्टमध्ये क्लीन ऑल ही आज्ञा वापरावी, ती अख्खी डिस्क पुसते. नुसतं क्लीन लिहिलं तर काहीच पुसलं जात नाही, "ऑल" महत्त्वाचं. आणि डिस्कचा नंबर दोनदा बघा. इथे एक आकडा चुकला की जुनीच्या जागी नवी डिस्क साफ होते आणि मग डोक्याला हात लावून बसावं लागतं.

वेळ लागतो. ५०० जीबीच्या साध्या डिस्कला दीड-दोन तास धरा, १ टीबीला तीन तास किंवा जास्त. मध्येच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून करायचं, म्हणून भारनियमनाची वेळ बघून किंवा इन्व्हर्टरवर काम लावा. पस्तीस वेळा पुसावं लागतं असं काही जण सांगतात. ती गोष्ट १९९६ च्या एका शोधनिबंधातून आली आणि ती तेव्हाच्या जुन्या तंत्राच्या डिस्कसाठी होती. आजच्या हार्ड डिस्कला पहिल्यापासून शेवटपर्यंत एक पूर्ण फेरा पुरतो.

एसएसडीचं गणित मात्र वेगळं आहे. तिच्यात फिरणारी चकती नसते, चिप असतात आणि कुठला मजकूर कुठल्या चिपवर ठेवायचा हे ती स्वतः ठरवते. त्यामुळे वरून शून्यं लिहिली तरी काही कप्पे तसेच राहू शकतात. एसएसडीसाठी ती बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरावं, त्यात सिक्युअर इरेजचा पर्याय असतो. काही कॉम्प्युटरच्या बायोसमध्येही तो मिळतो. नवी एसएसडी घेतली की पहिल्याच दिवशी बिटलॉकरसारखं कुलूप लावून ठेवलं तर नंतरचा ताप कमी होतो, फक्त त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून जपायची.

डिस्क चालूच होत नसेल तर

"ती तर मेलेली आहे, तिच्यात काय राहिलं?" हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. बहुतेक वेळा बिघडतं ते बाहेरचं सर्किट किंवा आतली फिरती यंत्रणा. चकतीवरचा मजकूर शाबूत असतो आणि जाणकार तो काढतात. अशी डिस्क पुसता येत नाही, ती फोडावीच लागते.

गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात ड्रिल मशिन असते. चकतीच्या आरपार जातील अशी तीन-चार भोकं वेगवेगळ्या जागी पाडायची. कॉम्प्युटरच्या मोठ्या डिस्कमध्ये चकती सहसा ॲल्युमिनियमची असते, लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये बहुतेक काचेची. काचेची चकती फुटली की कपच्या उडतात, तेव्हा डोळ्याला चष्मा हवाच आणि डिस्क जाड पोत्यात गुंडाळून मगच हातोडा मारा. पोरांना लांब ठेवा. आतली चुंबकं छोटी दिसतात पण बोट मध्ये सापडलं तर चिमटा चांगलाच बसतो. एसएसडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड असेल तर प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, नुसतं वरचं प्लास्टिक तोडून भागत नाही.

स्पीकरचं चुंबक घासून डिस्क पुसली जात नाही. विहिरीत किंवा कॅनॉलमध्ये टाकूनही नाही, पाणी तेवढं खराब होतं. जाळायची तर अजिबात नाही, त्या धुरात विषारी वायू असतात. मोबाईलला कधीही ड्रिल लावू नका, बॅटरी पेट घेते. मोबाईल चालू असेल तर खाती काढून फॅक्टरी रिसेट करायचं आणि मेमरी कार्ड, सिम आधी काढून घ्यायचं.

मग द्यायची कुठे

ई-कचऱ्यासाठी केंद्राचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जायला हवा आणि माल बनवणाऱ्या कंपन्यांवरही त्याची जबाबदारी आहे. अशा नोंदणीकृत उद्योगांची नावं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे, चौकशी तिथे करता येईल. आता सोयगावहून दोन डिस्क घेऊन कोण शहरात जाईल, हा प्रश्न रास्तच आहे. गावात भंगारवाल्याशिवाय कोणी येत नाही आणि त्यालाही पोट आहे. निदान डिस्क स्वतःकडे काढून ठेवा, पुसा किंवा फोडा आणि शहरात जाणं होईल तेव्हा चार-पाच जणांच्या मिळून द्या. डिस्क काढायला एक स्क्रू-ड्रायव्हर आणि दहा मिनिटं लागतात.

ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी, पतसंस्था यांनी थोडं जास्त बघायला हवं. सार्वजनिक अभिलेखांसाठी महाराष्ट्राचा २००५ चा कायदा आहे, त्यामुळे सरकारी नोंदी परवानगीशिवाय पुसता येत नाहीत. आधी प्रत घेणं, मग रीतसर निर्लेखन, मग डिस्क. निर्लेखनाच्या यादीत "संगणक संच, नग १" एवढंच लिहून मोकळं होण्याची पद्धत आहे, ती चुकीची आहे. डिस्कचा सिरियल नंबर, ती पुसली की फोडली, कोणासमोर आणि कोणत्या तारखेला, हे नोंदवहीत यायला हवं. दोन सह्या घ्या, फोटो लावा.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं वाटत असेल तर ब्रिटनमधल्या ब्रायटन अँड ससेक्स या सरकारी रुग्णालय संस्थेचं उदाहरण आहे. साधारण हजार डिस्क नष्ट करायचं काम बाहेरच्या माणसाला दिलं. त्यातल्या काही २०१० मध्ये ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्या, वर रुग्णांची अत्यंत खाजगी माहिती होती. २०१२ मध्ये रुग्णालयाला ३ लाख २५ हजार पौंड दंड झाला. दंड त्या माणसाला नाही, डिस्क ज्यांची होती त्यांना झाला. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. माहितीच्या सुरक्षेत हलगर्जी केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची सोय त्यात आहे. सेवा केंद्रवाल्याला कोणी २५० कोटी मागणार नाही हे खरं, पण जबाबदारी कोणाची हे त्यावरून कळतं.

डिस्क आधीच गेली असेल तर

त्या मशिनवर उघडलेल्या ईमेल, बँक आणि पोर्टलचे पासवर्ड आजच बदला. ज्यांची कागदपत्रं होती त्यांना सांगा, लाज वाटली तरी सांगा. खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

ज्याचे कागद चार दुकानांत स्कॅन झालेत, म्हणजे जवळपास प्रत्येक शेतकरी, त्याने आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. आधारच्या संकेतस्थळावर किंवा एम-आधार ॲपमध्ये ही सोय फुकट आहे, फक्त मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा. नसेल तर आधी तो जोडून घ्या, अडचण आली तर १९४७ वर विचारा. लॉक केल्यावर रेशन दुकानात अंगठा चालणार नाही, म्हणून धान्याला जाताना ते तेवढ्यापुरतं ॲपमधूनच उघडायचं. थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा लागतं.