मेंढीच्या काळजातला पर्णकृमी : जबड्याखाली पाणी का उतरतं?

पावसाळा सरला की देशावरचे बरेच मेंढपाळ कळप घेऊन कोकणात उतरतात, भात काढलेल्या शेतात मेंढ्या बसवतात. चारा चांगला मिळतो, पण ओलीच्या गवतावर पर्णकृमीही असतो. तळ्याकाठी, कॅनॉलकाठी चरणाऱ्या मेंढ्यांनाही हाच धोका.

पर्णकृमी, म्हणजे लिव्हर फ्ल्यूक, हा पानासारखा चपटा जंत. लेंडीतून त्याची अंडी पाण्यात जातात. पिल्लं पाणगोगलगाईच्या अंगात वाढतात आणि मग बाहेर पडून गवताला चिकटतात.

ते गवत मेंढीच्या पोटात गेलं की बारीक पिल्लं आतडं भेदून यकृतात, म्हणजे आपण काळीज म्हणतो त्यात शिरतात. खरी नासाडी इथं होते. कित्येक आठवडे ती यकृत पोखरत फिरतात, आत रक्तस्राव होतो. एकदम जास्त पिल्लं शिरली तर चरती मेंढी अचानक मरते. वाचली तर जखमा भरतात, पण तिथं निबर तंतू होतात. तेवढा भाग कामातून गेला.

मोठे झालेले कृमी पित्तनलिकेत बसून रक्त पितात. नलिका जाड होते, पित्ताची वाट अडते. यकृत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी बनवतं, त्यात कृमीमुळं ते गळतंही. रक्तातलं पाणी शिरांत धरून ठेवायचं काम याच प्रथिनाचं. ते घटलं की पाणी पाझरून जबड्याखाली साठतं. म्हणजे दुखणं गळ्याचं नाही, तिथं डागून काही होत नाही. पापणी उलटून बघा, पांढरी फटक दिसेल. पोटातल्या रक्त पिणाऱ्या गोल जंतांनीही अशीच सूज येते, म्हणून लेंडी तपासून घ्यावी.

तपासणीतही एक मेख आहे. अंडी दिसतात ती लागण होऊन तीन-चार महिन्यांनी. रिपोर्ट निल आला तरी आत पिल्लं असू शकतात.

औषधाचंही तसंच. अल्बेंडाझोल फक्त मोठ्या कृमीवर चालतं, तेही नेहमीच्या जंतापेक्षा जादा डोसनं, आणि नुकत्याच गाभण मेंढीला ते देत नाहीत. ट्रायक्लाबेंडाझोल पिल्लांवरही चालतं. क्लोझँटेलचा डोस जास्त झाला तर मेंढी आंधळी होऊ शकते, तेव्हा वजन करून आणि डॉक्टरला विचारूनच पाजा.