वास्को द गामाचा वाटाड्या

१४९८ मध्ये वास्को द गामाने भारताकडे येणारा सागरी मार्ग शोधला, हे वाक्य आपण सर्वांनीच शाळेत पाठ केले आहे. ते पूर्णतः चुकीचे नाही. मात्र त्या मार्गाचा नेमका कोणता भाग त्याने शोधला, हे वर्गात क्वचितच विचारले जाते. आजच्या थ्रेडमध्ये तेवढाच प्रश्न.

८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे लिस्बनजवळून निघाली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला. तिथवर बार्तोलोमेउ दियास दहा वर्षांपूर्वीच पोहोचला होता. त्यापुढचा किनारा मात्र पोर्तुगीजांना खरोखरच नवा होता, आणि गामाचे श्रेय आहे ते इथे.

मोझांबिकपासून चित्र पालटते. या बंदरांत अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांची ये-जा शतकानुशतके चालू होती. एप्रिल १४९८ मध्ये गामा मालिंदीला पोहोचला. तिथल्या राजाचे मोंबासाशी वैर होते, म्हणून त्याने पाहुण्यांचे स्वागत केले. पण वाटाड्या देण्यास विलंब होऊ लागला. तेव्हा गामाने राजाच्या एका विश्वासू सेवकाला जहाजावर अडकवून ठेवले. वाटाड्या तत्काळ आला!

तो कोण होता? प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिदचे नाव आजही सर्रास सांगितले जाते, पण बहुतेक अभ्यासकांना ते मान्य नाही. पोर्तुगीज इतिहासकार बारुश त्याला ‘मालेमो काना’ नावाचा गुजराती मुसलमान म्हणतो. यातला ‘मालेमो’ म्हणजे अरबी ‘मुअल्लिम’, अर्थात जाणता नाविक. म्हणजे निदान अर्धे नाव तरी हुद्द्याचेच आहे. बारुश आणखी एक गोष्ट नोंदवतो : गामाने मोठ्या ऐटीत त्याला आपले ताऱ्यांची उंची मोजण्याचे यंत्र दाखवले, तर त्याला त्याचे काहीच नवल वाटले नाही.

२४ एप्रिलला जहाजांनी मालिंदी सोडले. नैर्ऋत्येचे वारे नुकतेच सुरू होत होते आणि जूनचा खवळलेला समुद्र अजून दूर होता. १८ मे रोजी भारताचा किनारा दिसला, २० मे रोजी जहाजे कालिकतजवळ नांगरली. किनाऱ्यावर गेलेल्या पहिल्या माणसाला भेटले ते ट्युनिसचे दोन मुसलमान, आणि त्यांना चक्क स्पेनची भाषा येत होती.

हे सारे वाऱ्याचे गणित होते. ‘मोसम’ हा आपला शब्द अरबीतून आला आहे. ‘मान्सून’चे मूळही तेच. कोणत्या महिन्यात शीड उभारायचे, यावर अरबी समुद्रातला अवघा व्यापार चाले.

हे गणित मोडले की काय होते, ते परतीच्या प्रवासात दिसले. कालिकतच्या सामुरी राजाशी बिनसल्यावर गामा ऑगस्टअखेरीस निघाला. ईशान्येचे वारे स्थिरावण्याची वाट न पाहता ५ ऑक्टोबरला त्याने कारवारजवळचे अंजदीव बेटही सोडले. वारा कधी पडलेला, कधी उलटा. २ जानेवारी १४९९ रोजी आफ्रिकेचा किनारा दिसेपर्यंत ८९ दिवस गेले होते. याच टप्प्यात सुमारे तीस खलाशी हिरड्या सुजवणाऱ्या स्कर्व्हीने मेले. एकेका जहाजावर धड काम करू शकणारे जेमतेम सात-आठ जण उरले.

मालिंदीला पोहोचताच गामाने आजाऱ्यांसाठी संत्री मागवली. पुढे तीन जहाजे हाकण्यापुरती माणसे उरली नव्हती, म्हणून त्यातले ‘सांव राफायेल’ त्यांनी स्वतःच जाळून टाकले.