पात्याचे मोल

इंदूरहून दक्षिणेस निघालेला राजरस्ता मोरटक्क्यापाशी नर्मदा ओलांडतो, निमाडच्या कापसाच्या रानांतून वाट काढीत असीरगडाच्या पायथ्याशी सातपुडा उतरतो, बऱ्हाणपुरास तापीचे दर्शन घेतो आणि महाराष्ट्राच्या शिवेवर इच्छापुरास येऊन पोचतो. गावाजवळच्या टेकडीवर इच्छादेवीचे देऊळ आहे; एका मराठा सुभेदाराने पुत्रप्राप्तीचा नवस फेडण्यासाठी ते बांधले, अशी परंपरागत कथा आहे. या परिसरात केळीच्या बागा आहेत, उत्तरेस सागाची व सालईची अरण्ये आहेत, आणि त्या अरण्यांच्या कडेने कोरकू, भिल्ल, बारेला यांच्या वस्त्या आहेत. अशा मुलखात धारदार पाते ही चैनीची वस्तू नव्हे. घड उतरविणे, ज्वारी कापणे, बांबू चिरणे, कुडाची मेढ तासणे, सरपण फोडणे, यांतील एकही काम पात्यावाचून होत नाही.

सातपुड्यात हिंडावयास येणाऱ्या शहरी तरुणांच्या कमरेस आता कारखान्यात घडलेला, बेताच्या लांबीचा, जाड पाठीचा, म्यानबंद जंगलचाकू दिसतो. त्यास ते 'बुशक्राफ्ट नाइफ' म्हणतात. गावच्या लोहाराच्या कोयत्याच्या कितीतरी पट त्याची किंमत असते, आणि ती रास्त आहे काय, असा प्रश्न घेणाऱ्याच्या मनात उभा राहतो. प्रश्न नवा भासतो. परंतु परमुलखात घडलेल्या पात्याचे मोल ठरविण्याचा प्रसंग या भूमीवर चारशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे, आणि त्याची लेखी नोंद शिल्लक आहे.

सन १६१५च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून खानदेशमार्गे बऱ्हाणपुरास आला. शाहजादा परवेझ तेव्हा तेथे होता, आणि दक्षिणेच्या मोहिमेसाठी जमलेली मोगल फौज शहराभोवती पसरली होती. शाहजाद्याच्या भेटीस आपण का गेलो याची कारणे रोने आपल्या रोजनिशीत दिली आहेत. दरबाराची रीत पाहणे हे त्यांपैकी एक, आणि दुसरे असे की, तलवारीची पाती या फौजेत चांगली विकली जातात असा अनुभव आल्यामुळे बऱ्हाणपुरास वखार घालण्याचे त्याच्या मनात होते. राजवकिलाच्या मनात शिष्टाचाराइतकेच पात्याच्या खपाचे गणित होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्या शहरात शिपाई हजारोंनी होते, शस्त्र वापरणारा आणि शस्त्र पारखणारा बहुधा एकच असे, तेथे समुद्रापलीकडचे पाते विकले जात होते, ते ग्राहकाच्या अज्ञानामुळे खचित नव्हे.

त्या ग्राहकाची नजर किती सूक्ष्म होती हे आईन-ए-अकबरीवरून कळते. अबुल फज़लने बादशाही शस्त्रागारातील हत्यारांची जी किंमतवार यादी दिली आहे, तीत तलवारीचा भाव अर्ध्या रुपयापासून पंधरा मोहरांपर्यंत सांगितला आहे. शस्त्र एक, नाव एक, आकारही बहुतांशी एक. आणि तरीही भावात असे प्रचंड अंतर! मुठीवरील सोने-रुपे, जडावाचे काम, कारागिराचा लौकिक यांचा त्यात वाटा असणारच. परंतु लढणारा मनुष्य मोहरा मोजीत असे तो मुख्यतः पोलादासाठी. त्याच यादीत चाकूलाही स्थान आहे, म्हणजे लहान पात्याचा हिशेबही दफ्तरात ठेवण्याच्या योग्यतेचा समजला जात होता.

मराठ्यांच्या इतिहासात या विलायती पात्याने जे स्थान मिळविले, त्याचा विचार येथे थोडा विस्ताराने केला पाहिजे. पोर्तुगीज व इतर युरोपीय व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावर उतरविलेले सरळ, लांब, लवचीक पाते दख्खनच्या बाजारात येई, येथील कारागीर त्यास आपल्या पद्धतीची मूठ बसवीत, आणि अशा तलवारीस फिरंग म्हणत. यातील मर्म असे की, खरेदी होत असे ती केवळ पात्याची. मूठ कशी असावी, हाताच्या पंजास ती कशी बसावी, वार करताना मनगटास आधार कोठे मिळावा, हे येथल्या योद्ध्यास परक्याकडून शिकावयाचे नव्हते; त्यास हवे होते ते वाकवले असता न मोडणारे आणि सोडले असता पुन्हा सरळ होणारे पोलाद, आणि तेवढ्याचेच तो दाम देत होता. आज कारखान्याचा सुरा हाती घेताना त्याचे म्यान, त्याची पेटी, त्यावरची अक्षरे आणि पाते यांची किंमत वेगवेगळी काढण्याची बुद्धी आपल्यापैकी किती जणांना होते?

अक्षरांवर विश्वास ठेवण्यात धोका होता, आणि तोही जुनाच. जर्मनीतील पासाउ व झोलिंगेन या गावांच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण कोरलेली असे. इटलीच्या आंद्रेआ फेरारा या कारागिराचे नाव युरोपभर प्रतिष्ठा पावले होते. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्यांनी ती पाती कधी घडविली नाहीत त्यांनी तो लांडगा कोरला, आणि फेराराच्या मृत्यूनंतरही कित्येक पिढ्या त्याच्या नावाची पाती निघत राहिली. म्हणून जाणकार खुणेकडे पाहून न पाहिल्यासारखे करी आणि पात्याच्या टोकास जमिनीचा आधार देऊन ते वाकवून पाही.

याहूनही निष्ठुर परीक्षा तेलंगणात होत असे. कोनासमुद्रम व निर्मळ या भागातील भट्ट्यांत मुशीत शिजविलेले पोलाद इराणपर्यंत जाई, आणि त्याच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखे जौहर उमटे. त्या पोलादाविषयी तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे की, जौहर उठते ते केवळ गोवळकोंड्याहून आलेल्या पोलादावर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वॉयसी नावाच्या इंग्रज डॉक्टरास कोनासमुद्रमला इस्फाहानचा एक व्यापारी भेटला. तो भट्टीजवळ स्वतः हजर राहून प्रत्येक लादीचे वजन करी आणि तिची परीक्षा घेई. इराणातून एवढा प्रवास करून आलेल्या मनुष्याने दलालाच्या शब्दावर विसंबण्याचे नाकारले, यात त्याचा संशयीपणा नसून व्यवहारज्ञान होते. त्याच सुमारास लंडनचा, शस्त्रक्रियेची हत्यारे घडविणारा जेम्स स्टोडार्ट आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर हिंदुस्थानी पोलाद आपण युरोपातील उत्तम पोलादाहून श्रेष्ठ मानतो असे छापीत होता, आणि मायकेल फॅरडे त्याच्याबरोबर त्या पोलादाचे रहस्य शोधीत होता.

तथापि इच्छापुरासारख्या गावातील कुणब्याचा संबंध जौहरदार तलवारीशी फारसा येत नसे. त्याचा विळा, कोयता आणि कुऱ्हाड घडविणारा लोहार बारा बलुत्यांपैकी एक होता, आणि त्या व्यवस्थेत पात्यास बाजारभाव असा नव्हताच. सुगीच्या वेळी खळ्यावर लोहारास ठरलेले धान्य मिळे, आणि त्याच्या मोबदल्यात वर्षभर तो फाळास टोक काढी, विळ्यास धार देई, बोथटलेल्या कुऱ्हाडीस पुन्हा ताव देऊन पाणी पाजी. पाते कच्चे निघाले तर दोष कोणाचा याची तक्रार कोठे न्यावयाची हा प्रश्नच उद्भवत नसे. दोषाचा धनी दररोज चावडीपाशी भेटत होता, आणि पुढच्या सुगीचे धान्य त्याच कुणब्याच्या खळ्यावर त्यास घ्यावयाचे होते. या व्यवस्थेत जातीचा जाच होता, कारागिराची पिढ्यान् पिढ्यांची गरिबी होती, आणि ती मोडली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु पात्याच्या मोलाविषयी तिने एक गोष्ट स्पष्ट केली होती, ती ही की, मोल खरेदीच्या दिवशी चुकते होत नाही; ते पाते झिजून संपेपर्यंत चुकते होत राहते.

कारखान्याच्या मालाने नेमका हा धागा तोडला. शिंद्यांच्या अंमलातील बऱ्हाणपूर १८६०च्या सुमारास इंग्रजांकडे गेले, त्याच दशकात भुसावळहून खंडव्याकडे आगगाडी धावू लागली, आणि तिच्या डब्यांतून विलायती लोखंडाच्या पट्ट्या व शेफील्डचे चाकू तापीच्या खोऱ्यात उतरू लागले. १८७८च्या हत्यारांच्या कायद्याने तलवारीचा बाजार आटला. पिढ्यान् पिढ्या तलवारीस झिलई देणारे शिकलगार चाकू-कात्र्यांना धार लावीत गावोगाव हिंडू लागले. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांचा तारा व क्रूस ही खूण हिंदुस्थानात भरवशाची समजली जाऊ लागली, आणि धावत्या लांडग्याचे जे झाले तेच या ताऱ्याचेही झाले. खोट्या खुणांचा सुळसुळाट इतका वाढला की १८८७ साली इंग्लंडात आणि १८८९ साली हिंदुस्थानात मालावरील खुणांविषयी कायदे करावे लागले. विकणारा अदृश्य झाला म्हणजे त्याची जागा खूण घेते, आणि खुणेस जबाबदारी नसते.

याच रस्त्यावर, नर्मदेकाठी बडवाह येथे, आणखी एक प्रकरण घडले. मेजर कीटिंग या निमाडच्या राजकीय अधिकाऱ्याच्या पुढाकाराने तेथे सरकारी लोखंडाचा कारखाना उभारण्याचे ठरले, आणि त्यासाठी १८६० साली स्वीडनहून नील्स मितान्दर हा धातुतज्ज्ञ बोलावण्यात आला. स्वीडनची निवड यथायोग्य होती. लाकडी कोळशावर शुद्ध लोखंड गाळण्यात त्या देशाचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि शेफील्डचे उत्तमोत्तम पोलादसुद्धा स्वीडिश लोखंडापासूनच होत असे. निमाडात खनिज होते, कोळशास अरण्य होते, मितान्दरने झोतभट्टी व इमारती उभ्या केल्या. परंतु नियमित उत्पादन सुरू होण्यापूर्वीच, १८६४ साली, सरकारने हात आखडता घेतला. तो कारखाना चालला असता तर निमाडच्या कोयत्याची कथा वेगळी झाली असती, असे मला मनापासून वाटते.

स्वीडनमध्ये मात्र ती परंपरा चालत राहिली. दालार्ना प्रांतातील मोरा या गावी शेतकरी घरोघर सुरे घडवीत. तेथे १८९१ साली फ्रॉस्ट-एरिक एर्सन याने सुरू केलेल्या कारखान्याच्या परंपरेतील सुरे आज जगभर जंगलचाकू म्हणून विकले जातात. त्यांची प्रतिष्ठा आहे आणि किंमत माफक आहे, कारण त्यांच्या पात्यातील पोलाद कोणते हे लपविलेले नसते. न गंजणाऱ्या जातीच्या पात्यात कर्ब सुमारे ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा टक्के असते. दुसऱ्या जातीत साधे कर्बयुक्त पोलाद असते, जे गंजते पण दगडावर चटकन धार घेते. मूठ साधी, म्यान साधे. दाम पात्याचे आहे.

आपल्या लोहाराचा कोयताही आता निर्भेळ हातकाम राहिलेला नाही. मालमोटारीच्या कमानीचा जुना पाटा तोडून तो कोयता घडवितो. म्हणजे धातू कारखान्याचा, आणि आकार व पाणी मात्र त्याच्या हातचे. कमानीचे पोलाद सुऱ्यास योग्य असते, पण त्याचे भवितव्य ठरते ते पाणी पाजण्याच्या क्षणी आणि त्यानंतरच्या मंद तावात. तापविलेल्या पात्यावर आधी गवताळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग धावतो; पिवळ्यावर थांबविले तर धार कडक पण ठिसूळ, निळ्यावर थांबविले तर चिवट पण लवकर बोथटणारी. साधारणतः २२० ते ३०० अंशांमधले हे अंतर लोहार डोळ्यांनी मोजतो, आणि त्याचा डोळा चुकला की कोयता वाया जातो. कारखान्याची भट्टी तसे चुकत नाही. शंभर पात्यांना ती एकसारखे पाणी देते, आणि या एकसारखेपणाचे मूल्य नाकारणे हा कारागिरीविषयीचा खोटा अभिमान होय.

म्हणून माझे मत असे आहे. ज्या कारखान्याने पोलादाचे नाव व त्याची कठिणता उघड सांगितली आहे, ज्याच्या पात्याचा मुठीत शिरणारा भाग पुरेसा लांब व रुंद आहे, आणि ज्याचे पाते कानशीस सहजी दाद देत नसूनही साध्या दगडावर धार घेते, त्या सुऱ्याचे लोहाराच्या कोयत्याहून दुप्पट-तिप्पट दाम द्यावयास हरकत नाही. ते दाम एकसारख्या पाण्याचे आहे. त्यापलीकडची रक्कम बहुधा म्यानाची, पेटीची व खुणेची असते. आणि केळीच्या बागेत किंवा बांबूच्या बेटात दिवसभर राबणाऱ्यास असा सुरा कोयत्याच्या जागी चालणार नाही, कारण त्याची लांबी व वजन त्या कामाकरिता नाहीच.

वाचकांपैकी जो कोणी असा सुरा घेण्याच्या विचारात असेल, त्याने पैसे मोजण्यापूर्वी तो आपल्या गावच्या लोहाराच्या हाती द्यावा, त्याला कानस लावू द्यावी, पाते ऐरणीवर हलके वाजवून त्याचा नाद ऐकू द्यावा, आणि त्या परीक्षेची बिदागी त्यास अवश्य द्यावी. बऱ्हाणपूर आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत पात्यावरचे रंग वाचणारे वृद्ध लोहार अद्याप हयात आहेत तोवर त्यांचे ज्ञान लिहून घेण्याचे काम स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी हाती घ्यावे, ही माझी विनंती आहे.