ससूनमधील ते संमतिपत्र

गेल्या महिन्यात वडिलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही बेंगळुरूतील एका रुग्णालयात आदल्या संध्याकाळी दाखल झालो. परिचारिकेने चार पानी संमतिपत्र हातात ठेवले आणि सकाळी घेऊन जाते असे सांगितले. मजकूर इंग्रजी व कन्नडमध्ये होता. सारी हयात पुण्यात घालवलेल्या बाबांनी पाने न उलटताच विचारले, "सही कुठे करायची तेवढं दाखव." मी म्हटले, "आधी वाचून तर घ्या." त्यावर ते हसले. "अरे, गांधीजींचं ऑपरेशन आपल्या ससूनमध्ये कंदिलाच्या उजेडात झालं. त्यांनी कुठे चार पानं वाचली होती?"

बाबा झोपल्यावर मी त्या प्रसंगाची माहिती पुन्हा वाचून काढली. कंदिलाची गोष्ट खरी होती. कागदाची मात्र बाबांच्या समजुतीच्या नेमकी उलट होती.

१९२२च्या मार्चमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झालेले गांधीजी येरवड्याच्या कारागृहात होते. जानेवारी १९२४मध्ये त्यांच्या पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या. निदान आंत्रपुच्छदाहाचे, म्हणजे आपण ज्याला अपेंडिक्स सुजणे म्हणतो त्याचे झाले. १२ जानेवारीला त्यांना ससून रुग्णालयात हलवण्यात आले. पेनिसिलीनचा शोध लागायला अजून चार वर्षे होती. सुजलेले आंत्रपुच्छ पोटात फुटले आणि जंतुसंसर्ग पसरला, तर वैद्यांच्या हाती फारसे काही उरत नसे. विलंब करणे शक्य नव्हते.

परंतु शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक हे इंग्रज सरकारचे अधिकारी होते आणि रुग्ण त्याच सरकारचा सर्वांत प्रसिद्ध कैदी. काही विपरीत घडले असते, तर तो निव्वळ वैद्यकीय अपघात होता यावर देशात किती जणांनी विश्वास ठेवला असता? गांधीजींनी मुंबईचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांची नावे सुचवली होती. त्यांच्याशी संपर्काचे प्रयत्नही झाले, पण त्यांची वाट पाहण्याइतका वेळ उरला नव्हता. तेव्हा पुण्यातूनच एका परिचिताला बोलावण्यात आले. ते होते भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री. शास्त्रींचा असहकाराच्या चळवळीला उघड विरोध होता; मैत्री मात्र अभंग होती.

रुग्णशय्येपाशी बसून शास्त्रींनी गांधीजींनी सांगितलेला निवेदनाचा मसुदा लिहून घेतला. तो कर्नल मॅडॉक यांनाही वाचून दाखवण्यात आला. त्याचा आशय असा : उपचार करणाऱ्यांनी माझी उत्तम काळजी घेतली आहे, माझ्या पसंतीच्या डॉक्टरांना बोलावण्याची मुभा मला मिळाली, परंतु थांबण्यात धोका आहे हे मला समजले आहे, कर्नल मॅडॉक यांच्यावर माझा पूर्ण विश्वास असून त्यांनी शस्त्रक्रिया करावी. गांधीजींनी थरथरत्या हाताने खाली सही केली. सरकारशी असलेले आपले भांडण मिटलेले नाही, हेही त्यांनी शास्त्रींना बजावले.

मला या कागदाचे मोल वाटते ते त्यातील तपशिलामुळे. आजार कोणता, पर्याय कोणते, थांबल्यास काय होईल, शस्त्र कोणाच्या हाती असेल, या चारही प्रश्नांची उत्तरे रुग्णाला ठाऊक होती आणि ती त्याने साक्षीदारासमोर मान्य केली होती. १९०९च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टर आणि रुग्णालयांवर कठोर टीका करणाऱ्या माणसाची ही सही होती. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात वैध संमतीचे निकष सांगितले : उपचाराचे स्वरूप, त्याचे धोके, उपलब्ध पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला पुरेसे कळलेले असले पाहिजेत. केवळ तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, हेही त्यात स्पष्ट केले आहे. ससूनमधील तो कागद या कसोटीला ८४ वर्षे आधीच बऱ्याच अंशी उतरला होता.

आता कंदिलाविषयी. शस्त्रक्रिया सुरू असताना वादळामुळे वीज गेली. परिचारिकेच्या हातातील विजेरीही विझली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावे लागले. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे हिशेब करण्याचा मोह आवरत नाही. हातभर अंतरावरून अशा कंदिलाचा प्रकाश शंभर लक्सच्या आतच भरतो. आजच्या शस्त्रक्रियागृहातील मुख्य दिव्याकडून किमान ४०,००० लक्सची अपेक्षा असते.

कंदील आत आणण्यात आणखी एक प्रश्न दडलेला असतो, तो भुलीचा. त्या काळी ईथर आणि क्लोरोफॉर्म ही दोन प्रमुख भूलद्रव्ये होती. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. आपल्या उन्हाळ्यात ते बाटलीतच उडू लागे. त्याची वाफ हवेपेक्षा अडीच पट जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि ठिणगी मिळताच पेट घेते. क्लोरोफॉर्म पेटत नाही आणि ६१ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून भारतात त्याचाच प्रसार अधिक झाला. मात्र त्याने अचानक मृत्यूही होत. १८८८ आणि १८८९मध्ये एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने नेमलेल्या हैदराबादच्या दोन आयोगांनी प्राण्यांवर शेकडो प्रयोग करून निष्कर्ष काढला की धोका श्वास थांबण्याचा आहे, हृदयाचा नाही. पुढे १९११मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की अपुऱ्या भुलीत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके थेट विस्कळीत होऊ शकतात. प्रयोगांची संख्या मोठी असूनही निष्कर्ष चुकू शकतो, हा धडा आम्हा संशोधकांनाही लागू आहे.

गांधीजी बचावले, परंतु बरे होण्याचा काळ लांबला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली, तरी ते मार्चपर्यंत ससूनमध्येच होते. ती खोली आजही स्मारक म्हणून जतन केलेली आहे.

त्या रात्रीनंतरच्या शंभर वर्षांत रुग्णाच्या तयारीत एकेक नियम वाढत गेला. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहण्याचा नियम घ्या. भुलीत घशाचे संरक्षक प्रतिक्षेप क्षीण होतात आणि जठरातील आम्लयुक्त अन्न फुप्फुसात शिरू शकते. १९४६ साली कर्टिस मेंडेलसन यांनी प्रसूतीच्या रुग्णांमध्ये याचे गांभीर्य दाखवले. आज निरोगी प्रौढाला साधारणपणे हलक्या आहारानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास थांबण्यास सांगतात. नखरंग पुसायला सांगतात, कारण बोटावरील छोटे यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या शोषणावरून रक्तातील प्राणवायू मोजते. रंगाने त्या मोजणीत चूक येऊ शकते.

सकाळी बाबांना तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी नाव आणि शस्त्रक्रियेची बाजू विचारली. एकाने पेनाने खूणही केली. बाबा वैतागले. "यांच्या लक्षात राहत नाही का?" मी त्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या तपासणी-यादीविषयी सांगितले. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. तोच प्रश्न पुन्हा विचारणे हा त्या यादीचा भाग आहे.

मग मी संमतिपत्राची चारही पाने ओळीओळीने मराठीत वाचून दाखवली. बाबांनी दोन ठिकाणी थांबवले. जाळी बसवणार म्हणजे काय, आणि रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची? शल्यविशारदांनी पलंगाच्या कडेला बसून दोन्हींची उत्तरे दिली. नंतरच बाबांनी पिशवीतून चष्मा काढला, तारीख घातली आणि सही केली.

आपल्या घरी कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर चालू असलेल्या औषधांची यादी, ॲलर्जीची नोंद आणि जुने अहवाल सोबत न्या. कोणती गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांनाच विचारा. स्वतःहून बंद करू नका. संमतिपत्र आदल्या दिवशीच मागून घ्या आणि ज्याची शस्त्रक्रिया आहे त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. घरात असा कागद कोणी, कोणत्या भाषेत वाचून दाखवला होता, ते जरूर लिहा.