दाराची फट

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. ती संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात पेपरांत खूप आठवणी छापून आल्या. मी मात्र तेव्हा कुर्ल्यात मामेभावाच्या गॅरेजमध्ये उलट्या डब्यावर बसून एका पद्मिनीच्या दाराची फट बघत होतो. गाडी माझ्या अब्बांची. १९९८मध्ये त्यांनी टॅक्सी चालवणं सोडलं, परमिट दुसऱ्या गाडीवर गेलं, आणि ही गल्लीत उभी राहिली. ती पुन्हा उभी करायची, असं आम्ही ठरवलं होतं.

या गाडीचं माहेर कुर्लाच. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. सुरुवातीला तिथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि फियाट अकराशे आली. तिच्या जुन्या रूपाला आपण लाडानं 'डुक्कर फियाट' म्हणायचो. १९६४मध्ये नव्या अंगाची अकराशे डी आली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४च्या सुमारास पद्मिनी. नाव चितोडच्या राणीचं. तिची कथा १५४०मध्ये मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीनं 'पद्मावत'मध्ये अवधीत गायली. कवी म्हणून मला या योगायोगाचं नेहमीच अप्रूप वाटत आलंय. राणीचं नाव बदललं नाही आणि गाडीचा मुखडाही फारसा बदलला नाही. थोड्याफार फरकानं तेच अंग पुढे कित्येक वर्षं कारखान्यातून निघत राहिलं.

माझे मामू त्याच कारखान्यात बॉडी विभागात होते. मूळ गाव खेडजवळचं, आयुष्य कुर्ल्यात गेलं. आता ऐंशी ओलांडली आहे, नजर अधू झाली आहे. पण दोन पत्र्यांमधली फट ते बोटानं वाचतात. "त्या वेळी प्रत्येक गाडी वेगळी निघायची," ते सांगतात. "साचा एकच, पण दार बसवायला माणूस. कुठे बिजागरी जराशी सरकवायची, कुठे पत्रा चेपायचा. म्हणून एका गाडीचं दार दुसरीला सहज बसत नाही."

आम्ही नवं उजवं मडगार्ड आणि पुढचा बंपर आणला होता. मला वाटलं, चार बोल्ट आवळले की झालं. मामूंनी आधी गाडी जॅकवरून उतरवायला लावली. सपाट जमिनीवर, चारही चाकांवर. कारण या गाडीला खाली वेगळी चेसिस नाही. १९५३मध्ये इटलीत अकराशेचं नवं मॉडेल निघालं, तेव्हापासून तिचं अंग हाच तिचा सांगाडा. गाडी अधांतरी असली की अंग किंचित पिळतं, आणि हवेत जुळवलेली फट जमिनीवर आली की बिघडते.

कामाचा क्रमही ठरलेला. मागचा पत्रा अंगाला वेल्डिंग केलेला, तो हलत नाही. म्हणून मागचं दार त्याच्याशी जुळवायचं. मग पुढचं दार मागच्या दाराशी, मडगार्ड पुढच्या दाराशी, बॉनेट दोन्ही मडगार्डांशी, आणि बंपर सगळ्यात शेवटी. बोल्ट आधी नुसते बोटांनी लावायचे. पुठ्ठ्याचा एकच तुकडा वरपासून खालपर्यंत फटीतून फिरवायचा. तो कुठे अडकता कामा नये, कुठे सैल पडता कामा नये. रबरी बिडिंग लावूनही दार मिटून पाहायचं, कारण नवं रबर दाराला बाहेर ढकलतं. हे सगळं रंगाच्या आधी. फट नीट जुळली की गाडीच्या अंगावरून ती शिरोरेखेसारखी सरळ धावते.

आमची धावेना. उजवं मडगार्ड खाली नीट बसे, वर दाराला घासे. बंपर लावला तर उजवं टोक इंचभर वर. मामेभाऊ म्हणाला, "पट्टीची भोकं मोठी करू, झाकून जाईल." मामूंनी मान हलवली. सुतळी मागवली आणि इंजिनखोलीचे दोन्ही कर्ण मोजले. एक कर्ण पाऊण इंचानं आखूड निघाला. मग त्यांनी दाराच्या पिलरजवळचा रंग खरवडायला सांगितला. आत भाकरीएवढा जाड लांबीचा थर होता.

मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे माझंच काम आहे."

१९९१ साल. अब्बांच्या टॅक्सीला एका रात्री ट्रकनं धडक दिली. पिलर वाकला होता. तो ओढून सरळ करायचा तर गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार, आणि तेवढे दिवस घरात पैसा येणार नाही. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं, फी भरायची होती. अब्बा रात्रीच मामूंकडे गेले. मामूंनी दोन रात्रींत वरवर पत्रा सरळ केला, लांबी भरली, रंग मारला. आम्हा पोरांना सांगितलं गेलं की गाडीला नवा रंग दिलाय. अब्बा त्याच गाडीवर पुढे सात वर्षं राबले. ती उजवीकडे ओढते, असं ते कधीमधी म्हणत. मी कधी विचारलं नाही.

या कारखान्याच्या इतिहासात संस्थापकांचं नाव येतं, करार येतात, मॉडेलांची सालं येतात. ती यायलाच हवीत. पण त्या गाड्या तीस-तीस वर्षं ज्यांच्या हातोडीवर चालल्या, त्यांची नोंद कुठे नाही. असलीच तर अशी, लांबीच्या थराखाली.

मी मामूंना म्हटलं, "राहू द्या ना तसंच. अब्बांची आठवण आहे."

"तुझ्यासाठी आठवण असेल," ते म्हणाले. "माझ्यावर कर्ज आहे."

दोन दिवस साखळी लावून थोडं थोडं ओढत पिलर सरळ केला. प्रत्येक वेळी सुतळी धरली. कर्ण सारखे झाल्यावर मडगार्ड जागेवर बसलं, पुठ्ठा वरपासून खालपर्यंत एकसारखा फिरला. शेवटी बंपर चढवला. दोन्ही टोकं एका पातळीत आली. मामूंनी दार लोटलं, ते न आपटता मिटलं.

जमिनीवर पडलेल्या जुन्या लांबीतला एक तुकडा मी उचलला. मामू म्हणाले, "टाक तो. नाइलाज होता म्हणून भरली होती."

मी तो टाकला.