प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांना बुरशीचा विळखा

पावाच्या लादीवर किंवा लोणच्याच्या बरणीत दिसणारी बुरशी घरात फार तर कटकटीचा विषय ठरते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलासाठी मात्र तिच्याच जातकुळीतील सूक्ष्मजीव प्राणघातक ठरू शकतात.

बुरशीचे बीजाणू हवेत सदैव तरंगत असतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जातात. निरोगी शरीरातील न्यूट्रोफिल या श्वेतपेशी त्यांचा समाचार घेतात. केमोथेरपीमुळे या पेशींची संख्या दर मायक्रोलिटर रक्तामागे ५०० च्या खाली गेली आणि दहा दिवसांहून अधिक काळ तशीच राहिली, की धोका झपाट्याने वाढतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेली मुले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारी मुले आणि अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची अर्भके यांनाही तो असतो. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात विकारात श्वेतपेशी पुरेशा असतात. पण बुरशीला मारण्याची क्षमताच त्यांच्यात नसते.

कॅन्डिडा आपल्या आतड्यात आणि त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे नांदते. शिरेत बसविलेल्या नळीवाटे ती रक्तात शिरते. ॲस्परजिलस प्रामुख्याने फुप्फुसांवर हल्ला करते. म्यूकर वर्गातील बुरशी २०२१ मध्ये कोरोनानंतरची ‘काळी बुरशी’ म्हणून महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाली.

एरवी कुणाच्या गणतीत नसलेली बुरशीही काय करू शकते, हे चंडीगढच्या ‘पीजीआय’ने अनुभवले आहे. एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या काळात तेथील बालरोग विभागात पिचिया अनोमाला या यीस्टने ३७९ नवजात अर्भकांना आणि मुलांना ग्रासले. तपासणीत सुमारे एक पंचमांश कर्मचाऱ्यांच्या हातांवर हीच बुरशी आढळली. हात धुण्याची मोहीम राबविल्यावर आणि अपुऱ्या दिवसांच्या व जोखमीच्या अर्भकांना प्रतिबंधक औषधे दिल्यावरच ही साथ आटोक्यात आली. महागड्या यंत्रसामग्रीच्या गप्पा करताना साबण-पाण्याचा विसर पडतो, तो असा.

निदान हा या आजारातील सर्वांत अवघड भाग. अनेकदा ताप हे एकच लक्षण असते. कॅन्डिडाचा खोलवर संसर्ग असूनही रक्ताच्या कल्चरमध्ये ती जवळपास निम्म्या वेळा सापडत नाही. गॅलॅक्टोमॅनन ही रक्तचाचणी आणि छातीचे सीटी स्कॅन यांची मदत होते. पण मोठ्यांच्या स्कॅनमध्ये दिसणाऱ्या ठरावीक खुणा लहान मुलांत बरेचदा दिसतच नाहीत. त्यामुळे प्रतिजैविके देऊनही ९६ तासांनंतर ताप हटला नाही, तर जोखमीच्या मुलांत पुराव्याची वाट न पाहता बुरशीविरोधी औषध सुरू केले जाते.

अॅम्फोटेरिसिन-बी हे १९५० च्या दशकात सापडलेले औषध आजही आधारस्तंभ आहे. ते मूत्रपिंडांना इजा करते. त्याचा लायपोसोमल प्रकार सौम्य, पण महाग. फ्लुकोनॅझोल ॲस्परजिलसवर चालत नाही. व्होरिकोनॅझोल चालते, पण म्यूकरवर निष्प्रभ ठरते. शिवाय मुलांचे यकृत ते वेगाने संपविते. म्हणून वजनाच्या हिशेबात मोठ्यांपेक्षा अधिक मात्रा द्यावी लागते आणि रक्तातील पातळी मोजावी लागते. ल्युकेमियाच्या उपचारात दिले जाणारे व्हिन्क्रिस्टिन आणि ॲझोल गटातील ही औषधे एकत्र आल्यास मज्जातंतूंना गंभीर इजा होऊ शकते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना मुलाची औषधांची संपूर्ण यादी बरोबर ठेवावी, ती यासाठी.

केमोथेरपी सुरू असलेल्या मुलाचा ताप ३८ अंश सेल्सियसवर गेल्यास घरी पॅरासिटामॉल देऊन रात्र काढू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. इमारतीच्या बांधकामाची किंवा पाडकामाची धूळ, ओलसर भिंती, कुजलेला पाला, खताचे ढीग यांपासून अशा मुलांना दूर ठेवावे. खोलीतील कुंड्याही बाहेर काढाव्यात, कारण ॲस्परजिलसचे बीजाणू कुंडीतल्या मातीतही असतात.